ओझे आपले, वाट आपली

कापडे हे आमचे मूळ गाव. मुंबई-गोवा रस्त्याने महाड मागे टाकून पोलादपूरला उतरायचे आणि महाबळेश्वरकडे जाणारी गाडी धरायची. आंबेनळी घाटाची वळणे सुरू होण्याआधी कापडे लागते. येथूनच एक रस्ता आत उमरठ-ढवळ्याकडे वळतो. आम्हा मुंबईच्या चाकरमान्यांना गाव म्हणजे मे महिन्याची सुट्टी, घरातले लग्नकार्य, नाही तर कोणाचे तरी आजारपण. गावामागचा सह्याद्री आम्ही एसटीच्या खिडकीतून पाहतो आणि विसरतो. त्या डोंगरातून पाठीवर शिधा-अंथरूण घेऊन मुक्काम करत जावे, हे माझ्या कधी मनात आले नव्हते. ते आले माझ्या वडिलांच्या मनात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. एका रविवारी जेवताना त्यांनी सहज सांगावे तसे सांगितले, "ढवळ्याच्या वाटेनं मढीमहालावर जायचं म्हणतो. पायी." मला वाटले, थट्टा करताहेत. पण आई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मी पण जाणार. एकट्याला नाही सोडायची." आईचे वय सहासष्ट. म्हणजे दोघांचे आधीच बोलणे झाले होते. मला फक्त कळवण्यात आले.

ही वाट वाचकांना माहीत असेलच असे नाही, म्हणून थोडे सांगतो. ढवळे हे चंद्रगडाच्या पायथ्याचे गाव. चंद्रगड हा जावळीच्या मोऱ्यांच्या मुलखातला किल्ला. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तेव्हा हा मुलूख स्वराज्यात आला. गडाच्या बाजूने म्हसोबाच्या खिंडीतून रान चढत बहिरीच्या घुमटीपाशी जाता येते. तेथून पुढे गाढवमाळ, आणि शेवटी महाबळेश्वरच्या पठाराचे टोक. या टोकाला आपले लोक मढीमहाल म्हणतात. आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावरून त्याला आर्थर सीट हे दुसरे नाव पडले, आणि पर्यटकांच्या तोंडी तेच बसले. महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंच आहे. खालून निघणाऱ्याला जवळजवळ ती सगळी उंची स्वतःच्या पायांनी चढावी लागते. तरणी पोरे ढवळ्याहून पहाटे निघून संध्याकाळपर्यंत वर पोचतात. तेही दमतात.

दादांचा या वाटेशी जुना हिशेब होता. त्यांच्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या चार-पाच वर्षांत, माझी आजी खालचा तांदूळ डोक्यावर घेऊन या वाटेने महाबळेश्वरच्या बाजारात पोचवायची. तांदूळ दुसऱ्याचा, मजुरी आजीची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, कमरेला भाकरीचे फडके. एकदा अकरा वर्षांचे दादा हट्टाने बरोबर गेले. बहिरीच्या घुमटीपर्यंत पोचले आणि पायात खोल काटा मोडला. पुढची वाट अवघड. आजीने त्यांना खाली उतरणाऱ्या बायकांच्या स्वाधीन केले आणि ती पाटी घेऊन वर गेली. घुमटीच्या वर काय आहे, ते दादांचे पाहायचे राहिले ते राहिलेच.

पुढे दादा मुंबईला आले, गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले हजारो पुन्हा आत गेलेच नाहीत. दादा त्यांच्यातलेच. त्यानंतर त्यांनी बाजारात हमाली केली, मग एका इमारतीत रखवालदारी. आईने चार घरची धुणीभांडी केली. त्या दोघांच्या कष्टावर मी बी. कॉम. झालो आणि कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. आमच्या घरात ओझे वाहण्याची परंपरा अशी डोक्यावरून पाठीवर आणि पाठीवरून फायलींवर आली आहे.

तरीही मी विरोध केला. दादांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, आईचे गुडघे दुखतात. शिवाय २२ जुलै २०२१ ची रात्र आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. त्या पावसात महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. आमच्या पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी घरे गाडली. "डोंगराची भाषा आता बदलली आहे, दादा," असे मी म्हणालो. दादा म्हणाले, "पावसाळ्यात कोण चाललाय? आणि डोंगरानं माणसं मारली म्हणून डोंगराकडं पाठ करून किती दिवस बसायचं? आपलं गाव त्याच्याच पायाशी आहे."

मग मी शहाण्या मुलासारखा पुस्तकांत शिरलो. विरोधाला आधार मिळेल असे वाटले होते, मिळाले उलटेच. अमेरिकेत ॲपलाचियन ट्रेल नावाची डोंगरवाट आहे, लांबी तीन हजार किलोमीटरहून जास्त. १९५५ साली एमा गेटवूड नावाची बाई ती सगळी एकटी चालली. वय सदुसष्ट, अकरा मुलांची आई. पाठीवर भारी सामान नव्हते. घरी शिवलेली जाड कापडाची पिशवी एका खांद्यावर, पायात कॅनव्हासचे बूट, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, ती निघाली होती तेव्हा वाट चुकली, चष्मा फुटला आणि घरी परतावे लागले. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली.

आणखी जवळचे उदाहरण जबलपूरचे. चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) हे पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ साली, नर्मदेच्या काठाने पायी निघाले. एका दमात नव्हे, तर सवडीने, टप्प्याटप्प्याने. पुढे उतारवयात त्यांच्या पत्नी कांताबाईही त्यांच्याबरोबर चालल्या. नवराबायको दोघेही म्हातारे, पाठीवर सामान, आणि रोज नवा मुक्काम.

हे मी घरी वाचून दाखवले. दादांना वेगडांचे टप्प्याटप्प्याने चालणे पटले. आईने गेटवूडबाईंचे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अकरा पोरं वाढवली? मग तिला डोंगर काय जड!" येथे माझा विरोध संपला. मी एवढीच अट घातली की मी बरोबर येणार आणि ढवळ्याहून पुढे माहितगार वाटाड्या घ्यायचा. दादांनी अट मान्य केली, पण स्वतःची एक अट घातली : चाल त्यांची राहील, माझी नाही.

तयारीला तीन महिने लागले. डॉक्टरांकडून तपासणी झाली. त्यांनी दादांच्या गोळीची वेळ ठरवून दिली आणि आईला गुडघ्यासाठी व्यायाम दिले. रोज सकाळी दोघे इमारतीचे सात मजले जिन्याने चढत-उतरत. पहिल्या आठवड्यात रिकाम्या हाताने, मग पिशवीत दोन किलो तांदूळ घालून, मग चार. शेजारीपाजारी विचारत, "लिफ्ट बंद आहे का?" आईने दादांच्या रखवालदारीच्या जुन्या खाकी पँटींच्या दोन पाठपिशव्या शिवल्या, खांद्याच्या पट्ट्यांत गोधडीचे तुकडे भरले. मी दुकानातली चांगली पाठपिशवी आणून देतो म्हणालो, तर म्हणाली, "ही फाटली तर मला शिवता येते. ती फाटली तर कोण शिवणार?" वाण्याच्या काट्यावर वजन केले : दादांची सात किलो, आईची पाच. आत एकेक चादर, लोकरीची टोपी, अंथरायला प्लास्टिकचा कागद, विजेरी, तांदूळ, कुळथाचे पीठ, सुकटीची चटणी, गूळ-शेंगदाणे, औषधे, जलसंजीवनीच्या पुड्या आणि दोन-दोन लिटर पाणी.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. वाटेत महाडला उतरून चवदार तळ्यावर गेलो. १९२७ च्या मार्चमध्ये १९ आणि २० तारखेला येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आसपासच्या गावांतून माणसे फडक्यात भाकऱ्या बांधून पायी आली होती, असे आमच्या घरात सांगत. दादा पायरीवर थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "तेव्हा आपली माणसं हक्कासाठी चालली. पोटासाठी तर कायमच चालली. हौसेसाठी चाललेला कोणी मला आठवत नाही." आई म्हणाली, "आता आपण चालू."

पहिला दिवस कापडे ते उमरठ. दुसरा उमरठ ते ढवळे. हे अंतर गाडी थोड्या वेळात कापते, आम्ही दोन दिवस घेतले. रस्ता डांबरी, पण दोन्ही बाजूला कापणी झालेली भाताची खाचरे, मळण्या आटोपलेली खळी, गवताच्या उडव्या. तासभर चालायचे, दहा मिनिटे बसायचे, असा दादांचा नेम. बसायच्या आधी आई पाठपिशवी दगडावर टेकवून पट्ट्यांतून हात काढी. उभ्या उभ्या ओझे उतरवले की कंबर लचकते, हे ज्ञान आजीचे. उमरठला तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक आहे. मुक्काम तेथल्या एका ओळखीच्या घरी झाला.

दुसऱ्या दिवशी एका वाडीजवळ आलो तेव्हा दादा थबकले. वाडीचे नाव मी देत नाही, त्याची गरज नाही. म्हणाले, "इथं आईनं मला पाणी पाजलं होतं. वरनं ओतलेलं. ओंजळ धरायची, भांड्याला हात लावायचा नाही." अंगणात एक वयस्क बाई तांदूळ पाखडत होती. पाठपिशव्या घेतलेले दोन म्हातारे पाहून तिने विचारले, "कुठलं पाव्हणं?" दादांनी लगेच सांगितले, "कापड्याचं. बौद्धवाडीतलं." पाणी मागायच्या आधी सांगितले. मला वाटले, कशाला सांगावे? पण त्यांना पाहायचे होते. बाई म्हणाली, "मग उन्हात उभं का? बसा की वर." तिने तांब्या-फुलपात्र आणून दादांच्या हातात दिले आणि चहा ठेवायला आत गेली.

एका तांब्यावरून जग बदलले असे मी म्हणणार नाही. कार्यकर्ता म्हणून वेगळे अनुभव रोज ऐकतो. पण दादांनी ते पाणी थांबत थांबत, तीन घोटांत प्यायले. निघाल्यावर बराच वेळ ते बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, "भांडं हातात दिलं." आई म्हणाली, "दिलं. मी पाहिलं."

ढवळ्याला वाटाड्या मिळाला. पंचविशीतला, गावातलाच, दर हिवाळ्यात मुंबई-पुण्याच्या पोरांना वर नेणारा. त्याने आई-दादांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, तुम्ही जमवाल. साहेबांचं सांगता येत नाही." साहेब म्हणजे मी. त्याने आमचे पाणी तपासले, काठ्या तपासल्या, आणि पहाटे सहाला निघायचे ठरवले.

तिसरा दिवस खरा कसोटीचा. गावाबाहेरचा ओढा ओलांडला की रान सुरू होते. चंद्रगड आम्ही खालूनच पाहिला. गडावरची चढाई या वयात वेगळ्या दिवसाचे काम. म्हसोबाच्या खिंडीपर्यंत आईचे पाय ठीक होते. पुढे रान दाट. हिरडा, अंजन, जांभूळ आणि मध्ये कारवीची गच्च झुडपे. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. याच कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपून आमच्याकडे घराचे कूड करत. एका झाडावर शेकरू दिसले, तांबूस अंग, लांब झुपकेदार शेपटी. आई दहा मिनिटे मान वर करून पाहत राहिली. मी घड्याळ पाहिले. वाटाड्या हळूच म्हणाला, "बघू द्या, साहेब. उजेड आहे अजून."

दुपारी चढ अंगावर आला. आई वीस पावले चाले, थांबे. मी तिची पाठपिशवी घ्यायला हात पुढे केला तर तिने पट्टा घट्ट धरला. "नको. जन्मभर लोकांची ओझी वाहिली. हे माझं आहे. यात माझी चादर आहे, माझा शिधा आहे. हे मीच नेणार." मी हात मागे घेतला. वाटाड्याने तिला एक युक्ती सांगितली : चढावर पाऊल सरळ न टाकता थोडे तिरके टाकायचे, आणि श्वास तोंडाने न घेता नाकाने घ्यायचा, दम लागला तर चाल कमी करायची, पण मध्येच मटकन बसायचे नाही. याचा उपयोग झाला. चार वाजून गेल्यावर आम्ही बहिरीच्या घुमटीपाशी पोचलो. ठाण्याच्या दगडांवर शेंदूर, शेजारी जुन्या घंटा. पाणी थोड्या अंतरावर आहे, ते वाटाड्याने आणले.

दादा घुमटीभोवती फिरून एक दगड शोधत होते. साठ वर्षांपूर्वी काटा मोडला तेव्हा ज्यावर बसले होते तो. सापडला की नाही, त्यांनाच माहीत. पण एका दगडावर ते बसले. रात्री कुळथाचे पिठले आणि भात झाला. चूल लहान, भोवतीचे गवत आधी साफ केलेले, आणि झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी. सुक्या रानात हे चुकले तर अख्खा डोंगर पेटतो. थंडी चांगलीच होती. आई-दादा एका प्लास्टिकवर, दोन चादरी एकत्र करून झोपले. मला त्यांच्या हलक्या बोलण्याचा आवाज येत होता. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत राहिलेल्या या दोघांना असे निवांत बोलायला कधी मिळाले असेल?

चौथ्या दिवशी सकाळी गाढवमाळावर आलो. येथे दोन वाटा फुटतात. एक पलीकडे कृष्णेच्या खोऱ्यात जोर गावाकडे उतरते. दुसरी मढीमहालाकडे. ही दुसरी वाट कड्याला चिकटून जाते, अरुंद, एका बाजूला खोल दरी, पायाखाली घसारा आणि वाळके गवत. वाटाड्याजवळ दोर होता. त्याने खरे ते सांगितले, "काका येतील. काकींचे पाय काल थरथरत होते. धुकं निवळेपर्यंत थांबलो तरी मी खात्री देणार नाही."

आईने ऐकून घेतले. म्हणाली, "तुम्ही दोघं वर जा. मी याच्याबरोबर जोरला उतरते. तुमचं साठ वर्षांचं राहिलंय, ते पुरं करा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. आयुष्यभर ती अशीच बोलत आली. गिरणीच्या पाळ्या, संपाचे दिवस, आमची शिक्षणे, सगळीकडे तीच बाजूला झाली आणि आम्ही पुढे गेलो.

दादा मढीमहालाच्या वाटेकडे तोंड करून उभे होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी पाठपिशवीचे पट्टे घट्ट केले आणि जोरच्या वाटेकडे वळले. "बरोबर निघालो, बरोबर जायचं. मढीमहाल कुठं पळत नाही. वाईवरनं एसटी जाते." आई म्हणाली, "अहो, पण..." दादा म्हणाले, "चल गं. घुमटीच्या वर तर आलो ना!"

मी दादांना घरात फारसे नमते घेताना पाहिलेले नाही. आपल्या चळवळीत आपण समतेची भाषणे करतो, मीही करतो. त्या माळावर भाषण झाले नाही. एक माणूस आपल्या बायकोच्या चालीने चालायला लागला, एवढेच.

जोरला उतरायला साडेतीन तास लागले. उतार गुडघ्यांना चढापेक्षा वाईट. आईने काठी पुढे टेकवून, पाऊल आडवे टाकून तो निभावला. वाटाड्याचा तेथे निरोप घेतला. ठरलेल्या पैशांवर दादांनी थोडे जास्त द्यायला काढले तर तो म्हणाला, "काका, पुढच्या हिवाळ्यात या. चंद्रगड राहिलाय." मिळाली त्या गाडीने वाई, रात्री मुक्काम, आणि पाचव्या दिवशी महाबळेश्वर.

मढीमहालाच्या कठड्यापाशी गर्दी होती. नवी जोडपी फोटो काढत होती, भेळवाले ओरडत होते. आई-दादा खाकी पाठपिशव्या घालून कठड्याला टेकले. एका बाजूला सावित्रीचे खोरे, दुसऱ्या बाजूला जोरचे. खाली चंद्रगड हाताच्या मुठीएवढा. त्याच्याही पलीकडे, धुरकट निळसर, आमचा मुलूख. येथे महाबळेश्वराला उगम पावलेली सावित्री पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. दादांनी बोटाने वाट शोधली : ती खिंड, ते रान, तो माळ. मग म्हणाले, "आई इथवर कितीदा आली असेल. पण इथनं काय दिसतं, ते तिनं कधी सांगितलं नाही."

आई म्हणाली, "डोक्यावर पाटी असली की मान वर होत नाही, माहीत नाही का तुम्हाला? तिनं पायाखालचीच वाट बघितली असणार."

दादांनी टोपी काढली आणि तसेच उभे राहिले. आई शेजारी उभी राहिली. मी मागे सरकलो.

परतीला आम्ही आंबेनळी घाटाने येणारी एसटी धरली. आईला महिलांची आणि दादांना ज्येष्ठांची सवलत, दोघांचेही तिकीट अर्धे. माझे पूर्ण. वाहकाने पिशव्यांकडे पाहून विचारले, "कुठं गेला होता, काका?" दादा म्हणाले, "कापड्याहून आलो होतो. पायी." वाहकाला ते खरे वाटले नसावे. गाडी वळणे घेत उतरू लागली. चार दिवसांचा आमचा डोंगर तिने पुरत्या दोन तासांतही मागे टाकला नसता तर नवल. आई खिडकीशी बसून वर, मढीमहालाकडे पाहत होती.

वाचकहो, हे लिहिण्याचे कारण आई-वडिलांचे कौतुक एवढेच नाही. आपल्या बहुतेक घरांत निवृत्त झालेली माणसे आहेत. आपण त्यांना नातवंडे सांभाळायला ठेवतो, दवाखान्यात नेतो, आणि "आता तुम्ही आराम करा" असे सांगतो. त्यांना कोठे जायचे आहे, हे विचारत नाही. विचारा. जवळच्या टेकडीपर्यंत म्हणाले तरी चालेल. मात्र डॉक्टरांना दाखवून, दोन-तीन महिने सराव करून, पावसाळा आणि मे महिन्याचे ऊन टाळून, गावातला वाटाड्या बरोबर घेऊन आणि घरी मुक्कामाचा तपशील ठेवूनच पाठवा. आणि वाट अवघड झाली तर मागे वळण्यात कमीपणा नाही, हे निघण्यापूर्वीच सगळ्यांनी एकमेकांना सांगून ठेवा. बरोबर जाल तर त्यांच्या चालीने चाला, आणि त्यांची पिशवी त्यांच्या हातातून ओढू नका.

खाकी पाठपिशव्या सध्या आमच्या दाराच्या मागे खुंटीला आहेत. आईच्या पिशवीचा एक पट्टा उसवला होता, तो तिने मागच्या रविवारी पुन्हा शिवला. कशासाठी, हे मी विचारले नाही. दादा मात्र सकाळी पुन्हा जिना चढू लागले आहेत.